अंगावर काढणे

पहिलं पत्र आलं, ते फ्रिजवर लावलं,
कचऱ्याचे डबे कोणत्या वारी बाहेर ठेवायचे
त्या तक्त्याशेजारी.
दुसरं तेलाच्या कॅनखाली गेलं.
तिसरं मी उघडलंच नाही.

आठ वर्षं झाली स्विंडनला.
पाच छोट्या चौकांचा मिळून झालेला तो एक मोठा गोल चौक
एकटीनं गाडी चालवत पार करायला शिकले,
गॅस कंपनीशी इंग्रजीत भांडायला शिकले,
पण सर्व्हायकल स्क्रीनिंग, हे दोन शब्द दिसले
की माझी गाडी बंद.

आपल्याकडे नाव आहे त्याला. गर्भाशयाचं मुख.
पण ते पुस्तकात.
घरात पिशवी.
पिशवी खाली आली, पिशवी काढून टाकली,
बाजारातून आणल्यासारखी,
आणि तेही पुरुष जेवून उठल्यावर.

सुगंधामावशीच्या अंगावरून जात होतं.
तिनं ते अंगावर काढलं.
दोन वर्षं.
शेवटी तिच्या खोलीत दिवसाला
उदबत्तीचा एक पुडा संपायचा,
आणि तिचं नाव सुगंधा.
तेराव्याला सगळे जेवताना म्हणाले,
फार सोशिक होती हो.

मार्चमध्ये ऋजुतानं शाळेतून फॉर्म आणला.
तिच्या वर्गात सगळ्यांना, मुलग्यांनासुद्धा,
दंडात एक इंजेक्शन.
"मम्मा, सही कर ना, बस जाईल."
केली. वाचली, आणि लगेच केली.
ती गेली, पेन माझ्या हातातच.
कॅनखालच्या पत्रावर तेलाचा गोल उमटला होता.
फोन नंबर त्या गोलाच्या अगदी मधे.

नर्स ग्वेनेथ, वेल्सची.
मोजे राहू देत, म्हणाली, पाय गारठतील.
दोन्ही मुठी कमरेखाली घे.
हवं तेव्हा थांब म्हण, मी थांबेन.
हे वाक्य मला आजवर
कुणी म्हटलं नव्हतं.
प्लास्टिकची चोच, बदकाची असते तशी.
छतावर समुद्राचं पोस्टर, एक कोपरा सुटलेला.
मी त्या कोपऱ्याकडे बघत राहिले
आणि झालं.
झालं?
आठ वर्षं टाळलं ते
कुकरच्या दोन शिट्ट्यांत.

पंधरा दिवसांनी निकाल:
विषाणू आहे. पेशी ठीक आहेत. वर्षानं परत या.
मकरंद शेजारी घोरत होता.
मी रात्रभर त्याच्या पाठीकडे बघत
एकच हिशेब मांडत होते,
कुणाकडून, कधी, कुणाकडून.
सकाळी दवाखान्यात फोन केला.
ग्वेनेथ जे बोलली ते माझ्या मराठीत असं:
हा पाहुणा कुणी आणला ते विचारत बसू नकोस,
वीस वर्षांपूर्वीही आला असेल, गुपचूप बसून असेल.
बहुतेकांकडे येतो, बहुतेकांकडून आपसूक जातो.
मुक्काम ठोकतोय का, तेवढं आपण बघत राहू.

शनिवारी नलूला फोन लावला, करमाळ्याला.
तिकडे दुपार, भांड्यांचा आवाज.
ऊन किती, गॅस केवढ्याला, ऋजुताची उंची.
मग एकदम सगळं सांगून टाकलं,
मोजे, चोच, विषाणू,
आणि पिशवी नाही म्हटलं,
मुख म्हटलं, दोनदा.
तिच्याकडचा नळ बंद झाला.
बराच वेळ काहीच नाही.
वाटलं, लाइन कट झाली.

"मलापण जातंय गं," ती म्हणाली,
"मधे मधे लाल."

कधीपासून, नलू?

"सांगते. थांब, दार लावून येते."

मी थांबले.
फोन कानाशी,
दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर
करमाळा ते बार्शी
सकाळची पहिली एसटी किती वाजता
ते शोधत.