सहांतली एक ज्योत

सप्टेंबर सरत आला होता. लेना नदीच्या काठाला
पापुद्र्यासारखं पहिलं बर्फ धरू लागलेलं.
मी टेप घेऊन आलो, कानावर पेन्सिल,
काखेत जुन्या पोत्यात गुंडाळलेला काचेचा नमुना.
म्हातारी ओग्दो म्हणाली, "आधी चहा.
काच काही पळून जात नाही."

चहात दूध जास्त, बोलणं त्याहून जास्त.
"मी जन्मले त्या घराला बर्फाची खिडकी होती.
तळ्यातून बाप लादी कापून आणायचा, वीतभर जाड,
ओलं बर्फ थापून कडा लिंपायचा,
झाली खिडकी. ना बिल, ना हमीपत्र.
उजेड निळा यायचा. आईचे हात निळे, दूध निळं.
मे महिन्यात खिडकी पाघळून भुईवर यायची
आणि आम्ही पोरं अनवाणी तिच्यात नाचायचो.
आता तू सांग, तुझी काच कोणत्या नाचाची?"

मी उत्तर दिलं नाही. लायटर पेटवला,
नमुना उभा धरून ज्योत जवळ नेली.
"मोज."
डोळे बारीक करून तिनं मोजल्या,
तीन काचा, सहा अंगं,
आत आत जाणाऱ्या सहा ज्योती.
"ही पाचवी जांभळट का? आजारी आहे?"

"तीच तर कामाची.
त्या अंगाला चांदीची कल्हई आहे, एरवी न दिसणारी.
चुलीची ऊब बाहेर निघाली की
ती तिला अर्ध्या वाटेवरून घरी धाडते.
आणि काचांच्या मधे आर्गॉन, जातीचा आळशी वायू.
त्याच्या हाती ऊब दिली
तर पलीकडे पोचवायला त्याला हिवाळा पुरत नाही."

"माझा थोरला दीर," ओग्दो म्हणाली,
आणि बराच वेळ एकटीच हसली.

मग आम्ही घरभर फिरलो.
उत्तरेला सूर्य येतच नाही, तिथे खिडकी लहान, कल्हई कडक.
दक्षिणेला मात्र सौम्य.
जानेवारीत सूर्य टेबलाच्या उंचीवर जेमतेम येतो,
तेवढ्यासाठी आलेल्याला दारात अडवू नये.
कडेला ॲल्युमिनियमची पट्टी नको म्हणालो,
गारठा उसवल्या शिवणीतूनच शिरतो.
ती मान हलवत होती. मी आकडे लिहीत होतो.

रस्त्याकडच्या खिडकीशी ती थांबली.
"हिलाही तीन?"
"हिला तर आधी. आणि आवाज? ट्रक गेला तरी
तुझी झोप मोडणार नाही!"
हे मी प्रत्येक घरी सांगतो. लोक खूश होतात.

ओग्दोनं जुन्या तावदानावर नख वाजवलं.
"द्युलुस नदीवरच्या बर्फातून कामाझ चालवतो.
येतो तेव्हा येतो. दोनला, चारला.
वळणावर गाडी तिसऱ्या गिअरला खोकते,
मी उठते, सूप चढवते.
तो आत येईतो वाफ धरते.
झोप मोडायलाच तर झोपते मी."

मी पेन्सिल कानावर ठेवली.
परत काढली.
वरच्या कोपऱ्यात एक झडप, तळहाताएवढी, उघडती.
"गळेल," म्हणालो. "आकडा बिघडेल."
"किती?"
"लाकडाची एक रास जास्त. दर हिवाळ्याला."
"तोच आणतो की लाकूड."

जानेवारीत त्या बाजूला गेलो होतो, उणे एक्कावन्न.
धुकं इतकं, की घरं चाचपून ओळखायची.
तिच्या खिडक्या स्वच्छ, काळ्याभोर,
दंवाची एक नक्षी नाही. माझं काम.
फक्त झडपेला पांढरी दाढी आलेली,
खाली पिशवीत टांगलेला एक गोठलेला मासा.

टोपीचे कान खाली ओढून मी उभा होतो.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं,
आणि आत दिवा लागला.