पाटी

अशोक चौकातल्या गाळ्यावरची पाटी
मीच स्टुलावर चढून काढली.
डॉ. रेणुका चिलवेरी, एम.बी.बी.एस.
मागे भिंतीवर तेवढाच चौकोन
अकरा वर्षं ऊन न लागलेला.

समोरून चहावाला रेवणप्पा ओरडला,
काय करलालाव मॅडम? मोठा दवाखाना का?
म्हटलं, नाही. कॉम्प्युटर.
त्यानं गाळणी दोनदा आपटली.
बरं आहे की, म्हणाला,
खरं माझी शुगर कोण बघणार?

कारण विचाराल तर मोठं काही नाही.
माझ्या हातून कुणी दगावलं नाही.
म्हणजे दगावली,
पण तशी सगळ्यांच्याच हातून दगावतात.
एका मे महिन्यात, भर दुपारी,
विड्या वळणाऱ्या बाईच्या पाठीला स्टेथो लावला
आणि ऐकू आला मागच्या गल्लीतला लूम.
खटाखट, खटाखट.
श्वास सापडेना.
औषध लिहिलं. तिनं चिठ्ठीची घडी घातली
आणि नेहमीसारखी
तंबाखूच्या सुपाकडे निघून गेली.

नाना जेकार्डची कार्डं पाडायचे.
पुठ्ठ्याला भोक, तर दोरा वर.
नाही, तर दोरा खाली.
एवढ्यावर चादरीत मोर उतरायचा.
एकदा एक भोक राहिलं
आणि चारशे चादरींवरचे मोर आंधळे निघाले.
व्यापाऱ्यानं माल दारात आणून टाकला.
नाना रात्रभर एकेक कार्ड
बल्बसमोर धरून बसले होते.
मी सातवीत. शेजारी जागी.
पहाटे म्हणाले, हे बघ, इथे.
बोट ठेवलं, हसले, चहा मागितला.

नुकसान भरायला तीन वर्षं लागली, ते वेगळं.

आता मी अडतीस.
कंपनी पुण्यात, मी इथेच, माडीवर,
कूलरच्या ओल्या वाऱ्यात.
चोवीस वर्षांचा मुलगा मला शिकवतो,
मॅम म्हणतो आणि चुका काढतो.
पहिल्या आठवड्यात तो सहज बोलून गेला,
बिघडलं तरी चालतं, मागचं परत आणता येतं.
मी कॅमेरा बंद केला.
तोंड धुऊन आले.

अम्मा रागावली की तेलुगूत जाते.
सध्या ती तेलुगूतच आहे.
फीसाठी मोडलेल्या पाटल्यांचं
एकदाही बोलत नाही,
नुसतं मनगट चोळते.

रविवारी रेवणप्पा जिना चढून आला,
रिपोर्ट पिशवीत, शेंगाचटणीच्या पुडीशेजारी.
म्हटलं, मी आता बघत नाही.
म्हणाला, नका बघू. चटणी तरी घ्या.
मग चप्पल काढून बसला,
आणि पाय दिसला.

लॅपटॉप मिटला.
दप्तरातून सुई काढली.
डोळे मिटा, म्हटलं,
टोचलं की सांगा.
अंगठा. तळवा. टाच.
पुन्हा अंगठा.

तो डोळे मिटून, शहाण्या मुलासारखा,
वाट बघत बसलेला.
थोड्या वेळानं म्हणाला,
टोचा की मॅडम,
कवा टोचणार?