तेविसाव्या दिवशी

बंद पडलेल्या फ्रीजचं पोट रिकामं करून
दस्तगीरमामूनं आत दोन बल्ब बसवले,
खाली घमेल्यात पाणी.
थर्मामीटर आधी भट्टीवाल्या दोस्ताकडनं आणला,
पण तो दोनशेच्या खाली बोलायलाच तयार नव्हता.
मग मिरजेहून दुसरा.

अंडी फिरवायची दिवसातून तीनदा.
एका अंगाला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या अंगाला गोल.
ते काम माझं.
बी.कॉम.च्या वहीच्या मागच्या पानांवर
तारीख, तास, सही.

फेझंट आला सांगलीच्या एका बंगल्यातून,
मालक परदेशी निघाले म्हणून स्वस्तात.
गळ्यात पांढरी कडी,
अंगावर चिंचेनं घासलेलं तांबं,
शेपूट एवढी की खुराड्याचं दार लागेना.
मामू त्याला साहेब म्हणायचा.
साहेब एक पंख मातीला टेकवून
तांबडीभोवती तिरका तिरका नाचायचा,
आणि तांबडी उकरत राहायची
जुन्या कानशींचा गंज, भाताची शितं, काहीही.
दोन महिने.
मग एका दुपारी उद्यमनगरातली लाईट गेली,
सगळी लेथं एकदम गप्प झाली,
आणि त्या शांततेत काय ठरलं ते त्या दोघांनाच माहीत.

एकेचाळीस अंडी.
रात्री बॅटरी लावून बघायचो, एकेक.
अडतिसांत नुसता पिवळा उजेड.
दोघांत लाल धागा दिसला, आणि आठव्या दिवशी तुटला.
उरलं एक.

आक्काताई पोवार कुंपणावरनं म्हणाल्या,
कोंबडीला एकवीस दिस, माझ्या आज्जीपास्नं.
एकविसावा दिवस गेला.
बंगल्यातल्या माळ्यानं फोनवर सांगितलं,
फेझंटाला चोवीस.
मामू फ्रीजसमोर पाटावर बसून राहिला,
कान दाराला लावून,
आत कुणी पाहुणा आंघोळ करत असल्यासारखा.
तेविसाव्या दिवशी
पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत
कवचाला आतनं टोचा पडला.
कुणाच्याच हिशेबात नसलेली तारीख.
मी ती लिहिली. सही करायची राहिली.

वाढत गेला तसा रंग ठरेना.
ना साहेबाचं तांबं, ना आईचा विटकरी,
पावसात राहिलेल्या सायकलीचा असतो तसला काहीतरी.
तुरा आला नाही. कडी अर्धीच उमटली,
पुसताना मध्येच कुणी हाक मारावी तशी.
लोक यायचे बघायला.
खायचं हाय का ठेवायचं? आक्काताई.
त्याला इचारा, मामू म्हणाला,
अजून त्याचं त्यालाच ठरवायचंय.

डॉक्टर हेरवाडेंनी पंख उचलून बघितले,
पोटाखाली बोट फिरवलं.
ह्याच्यापुढं काही नाही, मामू.
खेचरासारखं समजा. इथंच संपलं.
कार्ड भरताना 'जात' लिहिलेल्या जागेपुढं
पेन थोडा थांबला, मग त्यांनी आडवी रेघ मारली.
मामूनं ती रेघ बराच वेळ बघितली.
चाळीस वर्षं विळ्याला धार लावलेला माणूस,
म्हणाला, लोखंडाला पोलाद जोडतो आम्ही,
त्या पात्याची पिल्लं होत नाहीत डॉक्टर.
ऊस तर तुटतो.
कार्ड घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात.

आरवत मात्र नव्हता.
पहाटे गल्लीतले सगळे कोंबडे आपापलं म्हणून घ्यायचे,
हा पायरीवर बसून ऐकायचा,
वर्गात पुस्तक न आणलेल्या पोरासारखा.
मामू म्हणाला, घसा दिलाच नसंल.

काल सकाळी समोरच्या शेडात
नवा पॉवर प्रेस आला. पहिला पत्रा पडला,
आमच्या फळीवरच्या कात्र्या थरथरल्या.
आणि पायरीवरनं आवाज आला.
आधी दोन तुकडे, कोरडे, बापाचे;
मग मागून काहीतरी लांबत जाणारं,
तेल न दिलेल्या बिजागरीसारखं,
शेवटाला जरासं वर गेलेलं.
स्वतःच्याच आवाजानं दचकून
तो पायरीवरनं खाली उतरला.

मी वही काढली.
सात वाजून दहा मिनिटं.
पुढं काय लिहायचं, तो आवाज
कुठल्या अक्षरानं सुरू होतो, कळेना.
मामूनं सहाणेचं चाक पायानं थांबवलं,
हातातली कात्री तशीच उघडी,
आणि आम्ही तिघंही
पुढचा पत्रा पडायची वाट बघत राहिलो.