नमुना क्रमांक एकेचाळीस

गांगोच्या राईबाहेर ग्रामपंचायतीनं सोलर दिवा लावला
त्याला आता दोन पावसाळे झाले.
पहाटे गुरव झाडू मारतो तेव्हा
सुपभर पंख निघतात.
त्यातले बरे असतील ते माझ्यासाठी
काडेपेटीत ठेवतो, कापूस घालून.

एकेचाळिसावा असाच आला.
गंजल्या पत्र्याचा रंग, मिशा पिसांसारख्या,
पुढच्या पंखावर एक तिरकी रेघ.
पुस्तकात याच्यासारखे दोन आहेत.
एकाची रेघ पंखाच्या टोकाला मिळते,
दुसऱ्याची अलीकडेच वाकते.
माझ्या नमुन्याचं टोक
पालीच्या पोटात.

मालवणच्या कॉलेजात एकोणीस वर्षं
मी प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुते.
भिंगाखाली काय दिसलं ते मला कुणी विचारत नाही,
म्हणून वहीत लिहिते.
नाव. तारीख. पंखांचं माप. कुठे सापडला.
चौथ्या रकान्यात एकेचाळीस वेळा तेच:
दिव्याखाली.

तातू घाडी वही लांब धरून वाचत होता.
"दिव्याखाली कोण रवता गो?
बाजारात गावलो म्हणान
माणूस काय बाजारातलो होता?"

कार्तिकातल्या अमावास्येला त्यानं शिडी लावली
आणि दिव्यावर खताची गोणी चढवली.
सरपंचबाईंना सांगितलं, दिवा बिघडलाय.
सांगणारा घाडी,
म्हणून वर चढून कुणी बघितलं नाही.

इतक्या दिवसांनी समुद्र ऐकू आला.
डोळ्यांना काम नव्हतं म्हणून असेल.

बॅटरीला लाल जिलेटीन बांधून आत शिरलो.
चपला बाहेर. राईत चपला चालत नाहीत,
हे काट्यांनाही ठाऊक आहे.
ऐनाच्या सुसरीसारख्या सालीवर काही नव्हतं.
काजऱ्यावर एक विंचू, वयस्कर, आमच्याकडे न बघता बसलेला.
वारुळाला तातूनं हात जोडले, मीही जोडले,
मग तो किंजळीपाशी थांबला.

किंजळीची फुलं तेव्हा सरलेली असतात.
फळं धरतात, आणि फळांना पंख असतात,
गंजल्या पत्र्याच्या रंगाचे.
खाली त्यांचा थर, पायाला चुरचुरणारा.
अर्थात लाल उजेडात
सगळंच गंजलेलं दिसतं.

"बघ."
कुठे?
"बघ तरी."

खालच्या फांदीवरच्या घोसाकडे
मी पाव तास बघत उभी.
मान अवघडली, डास चावले,
घरी दूध झाकलंय की नाही ते आठवेना.
मग खाडीवरून वारा आला.
सगळी फळं हलली.
एक हललं नाही.

सहा पायांनी देठ धरून
ते वारा जाऊ देत होतं.
वारा गेल्यावर, सगळं थांबल्यावर,
ते जरासं हललं,
अंग सावरल्यासारखं,
आणि पुन्हा फळ झालं.

रेघ बघायची राहिलीच.
बाहेर आल्यावर तातूनं विचारलं तेव्हा आठवलं.
तो हसला, विडी पेटवायला लागला, मग
माझ्याकडे बघून काडी खिशात ठेवली.

पहिला रकाना कोरा आहे.
चौथ्यात लिहिलंय:
गांगोची राई, वारुळाच्या उत्तरेला,
जुनी किंजळ, माणसाच्या डोक्याच्या वर दोन हात,
फळांत.
रात्री अकरा वीस. वारा खाडीकडून.

गोणी अजून दिव्यावर आहे.
गुरव विचारतोय,
रिकाम्या काडेपेट्यांचं काय करू.