रवानगी

सहाशे बारा तुकडे आहेत.
मोजले, कारण मोजणं हाच माझा धंदा होता.
टीनेत्सचा कारखाना, रवानगी खातं,
खिडकीजवळच्या टेबलाशी एकोणतीस वर्षं:
पेट्या किती, बंदर कुठलं, वजन काय,
खाली सही. ओल्ड्रिख मारेश.
हवाना, कैरो, मुंबई.
मुंबईत मी दोन वर्षं एक अक्षर जास्त घालत होतो,
पेट्या तरीही पोचल्या.

हजारो जावा गेल्या माझ्या हातातून
आणि हाताला कधी तेल लागलं नाही.
कागदी घोडे नाचवतो नुसते,
म्हणायचे खाली शेडमधले लोक.
खोटं नव्हतं.

आता बसलोय खराच कागदाचा घोडा करत,
बारा अश्वशक्तीचा.
संपलेल्या बॉलपेननं घडीची रेघ दाबायची,
मग पातं, मग चिमटा,
मग टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढा गोंद
आणि श्वास रोखून वीस आकडे.
कापलेली कड पांढरी दिसते, चोरी पकडल्यासारखी,
म्हणून प्रत्येक कडेवर चेरी-लाल रंगाचा एक हात.
सिलिंडरला अकरा चकत्या,
दोन चकत्यांमध्ये हवेपुरती फट.
सायलेन्सर विणायच्या सुईवर गुंडाळला.
सुई बायकोची.
पूर्वी तिनं घरभर शोधली असती.

पुढचं चाक झालं त्या दिवशी
तिसऱ्या मजल्यावरची द्राहोमिरा
शिडी परत करायला आली.
ही खाली चाकांच्या विभागात होती,
मी तिला जिन्यात ओळखायचो, बाकी नाही.
शिडी दाराला टेकवून तिनं चाक उचललं,
आस दोन नखांत धरला,
आणि फुंकर मारली.
फिरलं!
मी कौतुकाची वाट पाहत उभा.
ती म्हणाली, डावीकडे घासतंय. अर्धा मिलिमीटर.
मी म्हणालो, अहो, कागद आहे तो.
ती म्हणाली, चाक आहे.

छत्तीस आरे मी पुन्हा कापले.
दोनांवरून, एकाखालून, ती सांगत गेली,
गोंदाला मात्र हात लावला नाही,
तिची बोटं थरथरतात आता.
कडेवर टेकवून ठेवली तेवढा वेळ थरथरली नाहीत.
की मीच बघितलं नाही, आऱ्यांतून डोकं वर काढून.

मग म्हणाली, किक?
या गाडीला किक आणि गिअरचा दांडा एकच,
छापील पानावर तो नुसता चिकटवायचा होता.
हलला पाहिजे, म्हणाली.
त्या दांड्यापायी आणखी दोन दिवस गेले,
एक टाचणी गेली,
माझ्या अंगठ्याचं थोडं कातडंही.

तिसऱ्या संध्याकाळी मी सांगून टाकलं
की आयुष्यात एकदाही बसलो नाही जावावर.
ती हसली नाही.
मी बसले, म्हणाली. एकदाच.
रात्रपाळी सुटल्यावर, लायसन नसताना,
साझावाच्या पुलापर्यंत आणि परत.
तुला कसं कळणार,
त्या गाडीचा कागदच झाला नव्हता.

मी गप्प बसलो.
एका मार्चमध्ये लिटरभर पेट्रोल जुळेना,
तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
उडून गेलं.

आज सकाळी जुन्या पद्धतीनं पावती केली.
नग एक. रंग चेरी.
वजन एक्केचाळीस ग्रॅम, पेटीशिवाय.
मुक्काम तिसरा मजला, नदीकडची खिडकी,
उन्हापासून जपावे, कागद पिवळा पडतो.
शेरा: टाकी रिकामी, एक लिटर आधीच पोचले.

शिडी चढावी तसा जिना चढलो,
एक हात कठड्याला, एक हात हवेत.
तिनं चष्मा लावून पावती दोनदा वाचली,
पेन घेतलं, खाली ठेवलं,
आणि सही करण्याआधी
दोन्ही चाकं फिरवून पाहिली.