हंस, कासव, बेडूक

सित्र्यात, तेलाच्या टाक्यांमागे, खोली नंबर चौदा.
आठ खाटा, एक एसी,
आणि एसीच्या ठिबकत्या पाण्याखाली तुपाच्या डब्यात
खोचलेली एक चौकोनी कांडी.
सुडलैमुत्तू तिला पिरंडै म्हणायचा.
मी म्हटलं, अरे, ही तर हाडजोड,
गुहागरात कुंपणावर हिला कुत्रं विचारत नाही.
इथे विचारतील, म्हणाला.

दिवसा तो माझ्यासारखाच परांचीवर.
रात्री मात्र जेवणं झाली की कुणी ना कुणी
उजवा हात पुढे करून बसलेलं:
पेशावरचा ड्रायव्हर, स्यांगजाचा स्वयंपाकी,
एकदा तर कॅम्प बॉस, दार लावून घेऊन.
मुत्तू आधी एसी बंद करायला लावायचा.
मग मनगटावर तीन बोटं.
वात चालतो हंसासारखा,
पित्त कासव,
कफ बेडूक.
आजोबा सिद्ध वैद्य; त्यांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेलं.
जिथे प्यायचं पाणी ट्रकमधून येतं
तिथे आमच्या खाटांखाली बेडूक उड्या मारायचे.

औषधं थोडीच. काळ्या गोळ्या विमानतळावरच गेल्या.
सुंठ, मिरी, पिंपळी मनाम्याच्या बाजारातून.
तापाला निलवेंबूचा काढा.
पहिल्याच घोटाला जिभेनं ओळखलं: पालेकिराईत!
आई मांडीत दाबून पाजायची ती.
म्हटलं, कडू ते कडूच, तुमचं काय नि आमचं काय.
नाही, म्हणाला, तुमच्यात वर गूळ देतात.

मुप्पूचंही त्यानंच सांगितलं.
मिठांचं मीठ, सिद्धांनी गुपित ठेवलेलं,
सापडलं तर म्हाताऱ्याचा तरणा होतो.
"आजोबांना सापडलं?"
"मग मी इथे असतो?"
दोरीवर आमच्या डांगऱ्या, पाठीवर घामाचे पांढरे नकाशे.
त्यानं नखानं जरा खरवडून जिभेवर ठेवलं,
गंभीरपणे चघळलं.
"हे नाही."

ऑगस्टात त्याला परांचीवरच भोवळ आली.
सलाईन लावून परत आणला.
रात्री त्यानं मला उठवलं, हात पुढे केला.
"बघ."
"मला कुठे येतं?"
"ते बंद कर आधी."
एसी बंद केला. डब्यातली टिपटिप थांबली.
सहा जण घामात जागे झाले,
कुणी शिवी घातली नाही.
बोटं ठेवली. हंस नाही, काही नाही.
आतून कुणीतरी दार वाजवतंय,
थांबतंय,
पुन्हा वाजवतंय.
"काय चालतंय?"
"कासव," मी म्हटलं.
खोटं त्याला कळलंच असणार.
पण झोपला.

डिसेंबरात तो गेला, कराराच्या आधीच.
कांडीला कांडी फुटत वेल आता गजापर्यंत आलीय.
काल कडप्प्याचा एक नवा पोरगा आला दारात,
म्हणाला, इथे कुणी हात बघतं म्हणे.
मी म्हटलं, तो गेला.
पोरगा हात मागे घेईना.