दोन छपरांचं पाणी

मार्चपासून तलाव कोरडा.
भेग बुजवली, निळा रंग दिला दोन हात,
आणि त्याच आठवड्यात नगरपालिकेचं पत्र:
नळाचं पाणी तलावात सोडायचं नाही.
मर्वनं ते घडी घालून खिशात ठेवलं,
प्लास्टिकची खुर्ची घेऊन उतरला थेट खोल टोकाशी
आणि रोज संध्याकाळी तिथेच बसू लागला.
इथे वारा लागत नाही, म्हणे.

मी चौतीस वर्षं डॅल्बीच्या शाळेत गणित शिकवलं.
वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
आपलं छप्पर दोनशे दहा चौरस मीटर.
एक मिलिमीटर पाऊस, मीटरला एक लिटर.
तलाव सेहेचाळीस हजारांचा.
म्हणजे दोनशे वीस मिलिमीटर हवा,
गळेल ते, उन्हानं उडेल ते
आणि बिस्किट पिऊन जाईल ते सोडून.
(बिस्किट आमचा कुत्रा. त्याला मी धरलंच नव्हतं.)

मर्वनं पन्हळी उतरवल्या.
आतून निघाली निलगिरीची पानं, अर्धा टेनिसचा चेंडू,
गलाहचं एक गुलाबी पीस,
आणि जॅकरांडाची फुलं, वाळून पिवळ्या कागदासारखी, ढीगभर.
"हॅलोरनचं झाड," तो म्हणाला,
आणि पुढचं गिळलं.
हॅलोरनशी सहा वर्षं बोलणं नाही.
कुंपण होतं कारण. किती इंच,
ते आता दोघांनाही नक्की आठवत नाही.

मग वाट पाहणं.
ऑगस्टभर पश्चिमेची धूळ.
सप्टेंबरात ढग आले,
ओळखीच्या घरावरून मान खाली घालून जावं
तसे गेले.

ऑक्टोबरात एका रात्री पत्रा वाजला.
मी रात्रीच्या झग्यात, मर्व नुसत्या चड्डीत,
दोघांत एक टॉर्च.
पहिलं पाणी वाहू द्यायचं, छपराची वर्षभराची धूळ असते त्यात.
तो पायपाच्या तोंडाशी ओंजळ धरून:
"तांबडं. अजून तांबडं. थांब, थांब...
सोड!"
मी तोटी फिरवली.
कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी
उतारावरून घरंगळत गेलं, खुर्चीच्या पायांपाशी जमलं.

सकाळी मोजलं. चौदा मिलिमीटर.
हिशेबानं दोन हजार नऊशे चाळीस,
तलावात मात्र अडीच हजारही नाहीत.
"बाकीचं कुठे गेलं?"
"वाटेत," मर्व म्हणाला.
चौतीस वर्षांत एकाही पोरानं
इतकं खरं उत्तर दिलं नव्हतं.

दुपारी कुंपणापलीकडे हॅलोरन,
खांद्यावर काळ्या पायपाचं वेटोळं.
आमच्याकडे न बघता, पायपाशीच बोलल्यासारखं:
"माझं छप्पर एकशे ऐंशी. मोजलंय.
पाणी उगाच रस्त्यावर जातं.
घर चढावर आहे, पंप लागायचा नाही."

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही,
पण शेजाऱ्याकडे जातं,
उतार असला तर,
आणि एखाद्यानं सहा वर्षं
स्वयंपाकघराच्या खिडकीतून
रिकाम्या तलावात बसलेला माणूस पाहिला असला तर.

भोक कुंपणाला पाडलं,
जिथे वाद होता नेमकं तिथेच.
कुणाच्या इंचात पडलं, कुणी बघितलं नाही.

मी पान उलटून पुन्हा मांडलं:
तीनशे नव्वद मीटर. एकशे अठरा मिलिमीटर पुरे.

आता जानेवारी. तलाव अर्धा.
कुठूनसे बेडूक आलेत,
रात्री इतके ओरडतात की मर्व त्यांना नावं ठेवतो, खरीखुरी नावं.
खुर्ची अजून खालीच आहे,
वरून वाकडी दिसते, कुणी काढत नाही.
आम्ही तिघं पायऱ्यांवर, गुडघाभर पाण्यात,
हॅलोरनचे पाय पांढरेफटक, सहा उन्हाळे बुटातच राहिलेले.

दक्षिणेला काळं झालंय.
मर्व म्हणतो, वीस तरी पडेल.
हॅलोरन म्हणतो, दोन. पडला तर.
वही आत टेबलावर आहे.
मी काही उठत नाही.